कारभाऱ्यांचं पथ्य

सहा आठवडे हळूहळू उतरत आलेलं कारभाऱ्यांचं वजन सातव्या आठवड्यात पुन्हा चढायला लागलं.

कारभारी म्हणजे आमच्या घरातलं कासव. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलेलं. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. गाव सोडून निघालेलं एक गिऱ्हाईक 'चार दिवस सांभाळा' म्हणून काचेच्या पेटीसकट हे कासव त्यांच्या काउंटरवर ठेवून गेलं, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कासव दगडावर बसून मान उंच करून दुकानभर नजर फिरवायचं, जणू इथला सगळा व्यवहार आपल्या सहीनेच चालतो. म्हणून कारभारी. बाबा त्याच्याबद्दल आदरानेच बोलत. "कारभारी जेवले." "कारभारी आज नाराज आहेत, दिवा उशिरा लागला."

दुकान बंद झालं तेव्हा पेटीही घरी आली. तिची जागा मागच्या खोलीतल्या खिडकीशी ठरली. पेटी चार फूट लांब. निम्म्यापर्यंत पाणी, एका टोकाला सपाट दगड, दगडावर उबेचा दिवा आणि त्याच्या शेजारी अतिनील किरणांचा दुसरा दिवा. त्या किरणांशिवाय कासवाच्या अंगाला कॅल्शियम लागत नाही. दुकानात हा दुसरा दिवा नव्हता. जेवणही नव्हतं म्हणावं असं. नंबर तपासायला आलेलं प्रत्येक माणूस, वाट बघता बघता, कासवाला काहीतरी भरवायचं. पावाचा तुकडा, सुकी कोळंबी, कधी केक. इतकी वर्षं असा पाहुणचार झाल्यावर व्हायचं तेच झालं. कवचात अंग ओढून घेतलं की मांड्यांपाशी आणि बगलेत कातडीच्या वळ्या बाहेर राहायच्या. आपल्याच घरात न मावणारं कासव.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई भरभर बोलणाऱ्या. त्यांनी त्याला उलटसुलट केलं, वजन लिहिलं आणि म्हणाल्या, "लाडाने मारताय तुम्ही याला." त्याच महिन्यात बाबांच्या साखरेचा रिपोर्ट आला आणि त्यांच्या डॉक्टरांनी जवळपास तेच वाक्य मला उद्देशून म्हटलं. मी घरी येऊन दोन तक्ते केले आणि फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लावले.

"या घरात आता मी एकटाच निरोगी," माझा नवरा म्हणाला. "म्हणजे पुढचा नंबर माझा."

कासवाचा तक्ता मी मन लावून केला होता. खाद्याचे दाणे एक दिवसाआड, तेही त्याच्या डोक्याएवढेच. म्हणजे डोकं पोकळ असतं तर त्यात जेवढे मावले असते तेवढे. रोज पालेभाजी, पाण्यातली वनस्पती, थोडं किसलेलं गाजर. पालक नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगाला लागू देत नाही. कोळंबी महिन्यातून एकदा. पाव, केक, बिस्किट कधीच नाही. पेटीत समुद्रफेसाचा एक तुकडा कायम तरंगता. समुद्रफेस म्हणजे माकूळ नावाच्या समुद्री प्राण्याचं पांढरं, हलकं हाड. कासवाला हवं तेव्हा ते कुरतडतं आणि कॅल्शियम मिळवतं.

"डोक्याएवढं?" बाबांनी तक्ता वाचून विचारलं. "मग मला माझ्या डोक्याएवढा केक चालायला हरकत नाही."

"तुमच्या तक्त्यात केक नाही, बाबा."

"ते बघितलं मी. माझ्यापेक्षा कारभाऱ्यांचा तक्ता चांगला आहे. त्यांना कोळंबी तरी आहे."

खायला मी घालायचं असं ठरलं. सकाळी, कामावर जाण्याआधी. बाबांनी तक्त्यातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

मी वजनं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतली, कारखान्यांतली, औषधं बनवणाऱ्यांची वजनं आमच्याकडे येतात. एक किलोचं वजन खरोखर एक किलो आहे का, एवढाच आमचा प्रश्न असतो, आणि त्याला कधी कधी दोन दिवस लागतात. वजन उघड्या हाताने उचलायचं नाही, बोटाचं तेल लागतं. आणल्या आणल्या तोलायचं नाही, ते खोलीएवढं थंड व्हावं लागतं. असं काम वीस वर्षं केल्यावर माणूस घरीही तसाच वागतो. दर रविवारी मी कासवाला बाहेर काढून टॉवेलने पुसायची, कवचाच्या कडांतलं पाणी टिपायची, दहा मिनिटं थांबायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची. सुरुवातीला एक हजार सहाशे नव्वद ग्रॅम. सहा आठवड्यांत एक हजार सहाशे बावन्न. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच, सावकाश.

मग सातव्या रविवारी एकोणीस ग्रॅम वाढले. आठव्या रविवारी आणखी सत्तावीस.

काटा मी तपासला. प्रयोगशाळेतून एक किलोचं वजन मागून आणलं आणि ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. दाण्यांचा डबा तोलला. मी काढले तेवढेच दाणे कमी झाले होते. म्हणजे दाणे कोणी घातले नव्हते. पण वस्तुमान हवेतून येत नाही. कासवाच्या पोटात काहीतरी जात होतं आणि ते माझ्या हातून जात नव्हतं. घरात दिवसभर असणारं माणूस एकच होतं.

त्यातच पेटीच्या शेजारी, खिडकीच्या कठड्यावर, मला बिस्किटाचा चुरा सापडला.

बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. मी समोर उभी राहिले.

"बाबा, वजन सेहेचाळीस ग्रॅमनी वाढलंय."

"माझं?"

"कासवाचं."

"मग त्यांना विचार."

"खिडकीत बिस्किटाचा चुरा आहे."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. काही बोलायचं असलं की ते आधी चष्मा पुसतात.

"बिस्किट मी खाल्लं, सूनबाई. मी. कारभाऱ्यांना कण दिला नाही."

"तुम्हाला बिस्किट बंद आहे."

"म्हणून तर तिकडे जाऊन खाल्लं."

नवरा हसला. मी हसले नाही. महिन्याभरापूर्वी याच माणसाने मला डोळ्यात डोळे घालून सांगितलं होतं की चहात साखर घातलेली नाही, आणि कपाच्या तळाशी साखर होती. जो स्वतःच्या पथ्याबद्दल खोटं बोलतो तो कासवाच्या पथ्याबद्दल का बोलणार नाही? मला हे तर्काला धरून वाटलं. मी ते मोठ्याने बोललेसुद्धा.

बाबांचा चेहरा बदलला नाही. फक्त चष्मा त्यांनी परत डोळ्यांवर लावला नाही, हातातच धरून ठेवला.

"एक सांगू?" ते म्हणाले. "कारभारी मागच्या पायांनी खरवडतायत. दगडावर चढतात आणि कोपऱ्यात पाठ करून मागच्या पायांनी काच खरवडतात. चार-पाच दिवस बघतोय. एकोणीस वर्षांत असं कधी केलेलं नाही."

"भूक लागली असेल. सवय मोडतेय ना."

"भुकेलं तोंडाच्या बाजूने धडपडेल. मागून कशाला?"

"बाबा, मला आकडा दिसतोय."

"आणि मला पाय दिसतायत," ते म्हणाले. पण आवाज न चढवता, आणि त्यामुळेच बहुतेक मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटीवर जाळीचं झाकण बसवून घेतलं आणि त्याला जुन्या बॅगेचं छोटं कुलूप लावलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. नवरा म्हणाला, "अगं, म्हाताऱ्या माणसाला असं कुलूप?" मी म्हटलं, "कुलूप माणसाला नाही, पेटीला आहे." माझं उत्तर बिनचूक होतं, पण मला स्वतःलाच ते आवडलं नाही.

बाबा मागच्या खोलीत जाऊन बसायचे बंद झाले. दुपारी बाहेरच्या खोलीतच बसून राहायचे. एकदा मी लवकर घरी आले तर चार वाजले होते आणि ते रिकामा कप हातात धरून भिंतीकडे बघत होते. मी आले हे त्यांना कळलं नाही.

आणि मग कासवाने खाणं सोडलं. आधी पाला तसाच राहायला लागला, मग दाणे पाण्यात फुगून तळाशी बसायला लागले. मी ते गाळून काढायची. पाच दिवस त्याने काही तोंडात घेतलं नाही. नवव्या रविवारी मी त्याला पुसून काट्यावर ठेवलं. एक हजार सातशे तेहतीस.

न खाता पस्तीस ग्रॅम.

मी झाकण चारी बाजूंनी तपासलं. एका कोपऱ्यात दिव्यांच्या वायरी आत सोडायला बोटभर फट ठेवलेली होती. फटीच्या कडेला पांढरी पूड होती. बारीक, कोरडी. मी बोटाने उचलून बघितली. क्रीमच्या बिस्किटाची, असं मी ठरवलं. एक थेंब व्हिनेगर टाकलं असतं तर पूड फसफसली असती आणि ती कसली हे तिथेच समजलं असतं. माझ्या स्वयंपाकघरात व्हिनेगरची बाटली होती. मी थेंब टाकला नाही, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं. मी फटीत कापडाचा बोळा कोंबला.

तो रविवार गेला. सोमवारी प्रयोगशाळेत एक जुनं पितळी वजन माझ्या टेबलावर आलं. एक किलोचं. वर गोल मूठ, मुठीत एक स्क्रू. जुन्या वजनांना आत लहानशी पोकळी असते. वजन कमी भरलं तर त्यात शिशाचे छर्रे टाकून स्क्रू बंद करतात. हे वजन गेल्या तीन तपासण्यांत दर वेळी थोडं जड भरत गेलं होतं. शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी म्हणाली, "गिऱ्हाइकानेच काहीतरी उद्योग केला असणार."

मी सवयीने म्हटलं, "माणसावर शेवटी जायचं. आधी काटा, मग आपला हात, मग हवा, मग वस्तू."

हे वाक्य मी नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. शेकडो वेळा सांगितलं असेल. या वेळी ते माझ्याच कानांवर पडलं.

मी स्क्रू उघडला. पोकळीतले छर्रे पांढरे पडले होते आणि एकमेकांना चिकटले होते. आत ओल शिरली होती. बाहेरून कोणी काही लावलं नव्हतं. स्क्रूच्या आट्यांमधून हवेतली ओल वर्षानुवर्षं आत जात होती आणि वजन आतल्या आत वाढत होतं.

मी हातमोजे काढले आणि खुर्चीत बसले.

कासवाच्या पोटात जाणारा घास अन् घास मी मोजला होता. दाणे, पाला, गाजर. ते रात्रंदिवस ज्यात बुडालेलं असतं ते पाणी मी हिशेबात धरलंच नव्हतं. पाणी पिऊन वजन वाढू शकतं. पण सेहेचाळीस, ऐंशी ग्रॅम पाणी अंगात धरून ठेवायचं ते कशासाठी? आणि मागच्या पायांनी खरवडायचं कशासाठी?

मी घरी फोन लावला. बाबांनी उचलला.

"बाबा, ते मागच्या पायांनी खरवडणं. नक्की कसं होतं?"

"आता का विचारतेयस?"

"सांगा ना."

"एक पाय, मग दुसरा. आलटून पालटून. माती उकरल्यासारखं. तळवा आतल्या बाजूला वळवून, जसं आपण ओंजळीने काढतो. मध्ये थांबतात, मान लांब करतात. परत उकरतात. कुलूप लागल्यापासून मी बघितलेलं नाही. मी तिकडे बसत नाही."

"मी येतेय. डॉक्टरांकडे जाऊ."

"मी यायचं?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होते, आणि ते ऐकून मला जास्त लागलं.

"तुम्ही बघितलंय, बाबा. मी नाही."

दवाखान्यात कासव बाबांच्या मांडीवर, टॉवेलात होतं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, कासव उचललं, शेपूट बघितलं, पुढच्या पायांची नखं बघितली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"पहिल्या दिवशीच बघायला हवं होतं मी. तुम्ही कारभारी म्हणालात, मी 'नर' लिहून मोकळी."

एक्स-रेच्या काळ्या पडद्यावर कवचाच्या आत पांढरे लंबगोल होते, एकाला एक लागून, टोपलीत रचल्यासारखे. मी मोजले. आठ.

"नर नसतानाही मादी अंडी घालते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अंड्यांत बहुतेक पाणीच. अंडी तयार झाली की खाणं सोडतात, जागा शोधतात. माती मिळाली नाही तर धरून ठेवतात, आणि फार दिवस धरून ठेवली की आत अडकतात. फुटलं एखादं तर वाचवणं कठीण." मग पडद्याजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "मला भीती वेगळीच होती. एवढं कमी खाणं चालू असताना अंड्यांची कवचं बनवायला स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढतात. पण ही कवचं चांगली जाड आहेत. हाडंही बरी दिसतायत. कॅल्शियम वाढवलंत का तुम्ही?"

"नाही," मी म्हटलं. "समुद्रफेसाचा एक तुकडा होता, तेवढाच."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"एक नव्हता," ते म्हणाले. "तो पंधरा दिवसांत संपला. एरवी सहा महिने पुरतो. मी म्हटलं, यांना हवंसं दिसतंय. दुसरा आणला. तोही संपला. मग तू कुलूप लावलंस, तर मी तुकडे करून वायरीच्या फटीतून सोडायला लागलो. चार तुकडे सोडले. पाचवा सोडायला गेलो तर बोळा होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "म्हणजे चोरून घालत होतो हे खरं. बिस्किट नव्हतं, एवढंच."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू तोलला असतास."

डॉक्टरीणबाई हसल्या. मी मान खाली घातली. पांढरी पूड माझ्या बोटाच्या टोकावर अजूनही आहे असं मला वाटत होतं.

चार दिवसांची मुदत मिळाली. ओलसर माती आणि वाळू, कासवाच्या लांबीपेक्षा खोल, ऊब, आडोसा, शांतता. चार दिवसांत नाही झालं तर इंजेक्शन, त्यानेही नाही तर शस्त्रक्रिया.

कपडे भिजवायचा मोठा टब आम्ही रिकामा केला. नवऱ्याने रोपवाटिकेतून दोन पोती माती आणि एक पोतं वाळू आणली आणि कंबर धरून बसला. मी मातीत थर्मामीटर खोचलं, ओल हाताने दाबून बघितली. मूठ वळली पाहिजे आणि पाणी गळता कामा नये. दिवा किती उंचावर, माती किती खोल, मी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. बाबा मातीत बोट घालून म्हणाले, "छान आहे. आता आपण सगळ्यांनी इथून जायचं."

"लक्ष ठेवायला नको?"

"दुकानात नंबर तपासताना कोणी मागे उभं राहिलं की माणसाला अक्षरं दिसेनाशी व्हायची. कारभाऱ्यांना..." ते अडखळले. "कारभारीणबाईंना एकटं सोड."

पहिल्या दिवशी काही झालं नाही. कासव मातीवर फिरलं, एका कोपऱ्यात थोडं उकरलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. मी दर अर्ध्या तासाने दाराशी जायची आणि बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणायचे, "बस ना जरा." तिसऱ्या दिवशी मी रजा घेतली. दुपारी चारच्या सुमाराला बाबा उठले, पायातल्या चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी दारापर्यंत गेले. मला हाताने खुणावलं.

दाराच्या फटीतून दिसत होतं. कासवाने टबाच्या एका टोकाला पाठ केली होती आणि मागचे पाय चालू होते. एक, मग दुसरा. तळवा वळवून माती बाहेर काढायचं, बाजूला ठेवायचं, थांबायचं. बाबांनी फोनवर सांगितलं होतं तंतोतंत तसं. डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी, फक्त पायांच्या अंदाजाने, ते एक खोल आणि नीट खड्डा करत होतं, ज्यासाठी माझ्याकडे कुठलंही माप नव्हतं.

आम्ही दोघं दाराबाहेर फरशीवर बसलो. पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकवून.

"पिल्लं निघतील?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही, बाबा. एकटीच होती ना ती. रिकामी अंडी आहेत."

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "दुकानात चार वाजता गिऱ्हाईक नसायचं. तेव्हा आम्ही दोघं खायचो. मी चहा-बिस्किट, हे यांचं. समोरासमोर बसून. दुकान बंद झालं तरी ते चालू होतं. मग तू सकाळची वेळ केलीस."

सकाळी हा शब्द तक्त्यात मी लिहिला होता. डॉक्टरीणबाईंनी वेळ सांगितलीच नव्हती. मला कामावर जायच्या आधी सोयीचं, म्हणून सकाळी. कासवाला सकाळ काय आणि दुपार काय, दिवा चालू असला की पुरे.

"माझं चुकलं, बाबा," मी म्हटलं.

"काटा बरोबर होता ना?"

"काटा बरोबर होता."

"मग तेवढं तरी बरं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "साखरेचं मी खोटं बोललो होतो, ते मात्र खरं."

सहाच्या सुमाराला खड्डा बुजलेला होता आणि कासव टबाच्या कडेवर चढायच्या प्रयत्नात होतं, जणू काही झालंच नाही. मी चमच्याने माती बाजूला केली. अंडी पांढरी, लांबट, अंगठ्याएवढी. एक, दोन, तीन. बाबा मोजत होते, मी काढत होते. सात.

मी पुन्हा सगळी माती चाळली. सातच.

"पडद्यावर आठ होती," मी म्हटलं. "मी दोनदा मोजली होती."

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत थांबा. नाहीतर घेऊन या." मी कासवाला पेटीत परत सोडलं आणि सवयीने झाकणाला कुलूपही लावलं. रात्रीचं जेवण कधी झालं ते कोणालाच आठवत नाही. सकाळी उजाडल्याबरोबर मी मागच्या खोलीत गेले तर बाबा आधीच तिथे होते. पेटीसमोर वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, उघड्या डोळ्यांनी जवळून बघत. जवळचं त्यांना चष्म्याशिवायच दिसतं.

"बघ," ते म्हणाले.

तळाशी, दगडाच्या आडोशाला, आठवं अंडं पाण्यात पडलेलं होतं. अखंड.

कासव मान उंच करून आमच्याकडे बघत होतं. मी कुलूप काढलं, झाकण उचललं आणि कुलूप किल्लीसकट बाबांच्या हातावर ठेवलं.

"हे मी काय करू?"

"फेकून द्या."

"बिस्किटांच्या डब्याला लाव," ते म्हणाले. "तिथे गरज आहे."

त्या रविवारी मी कासवाला पुसून, दहा मिनिटं थांबून काट्यावर ठेवलं. एक हजार सहाशे एकतीस. मांड्यांपाशी वळ्या अजून होत्या, पण पाय पूर्ण आत जात होते. डॉक्टरीणबाईंनी महिनाभर दाणे थोडे वाढवायला सांगितले, समुद्रफेस हवा तेवढा. मी नवा तक्ता केला. वेळेच्या रकान्यात चार वाजता लिहिलं, आणि घालणाऱ्याच्या रकान्यात बाबा. वजनाच्या शेजारी आणखी एक रुंद रकाना आखला आणि त्याला काय नाव द्यावं ते न सुचल्याने नुसतं 'काय दिसलं' असं लिहिलं.

बुधवारी कामावरून आले तेव्हा फ्रिजच्या दारावर, त्या रकान्यात, बाबांच्या बारीक अक्षरात पहिली नोंद होती.

"दाणे मोजून दिले. आधी पाला खाल्ला, मग दाणे. डावा मागचा पाय जरा कमी हलवतात, उद्या पुन्हा बघतो. समुद्रफेस अर्धा शिल्लक. बिस्किट एक. मी खाल्लं."

मी पेन उचललं. शेजारी बाबांचा स्वतःचा तक्ता होता. त्यात चारच्या वेळेपुढे 'बिनसाखरेचा चहा' एवढंच होतं. त्याखाली मी लिहिलं, 'बिस्किट, अर्धं', आणि पेन ठेवून मागच्या खोलीत डावा पाय बघायला गेले.